मोरीतल्या मुंग्या

पहाटे आई मोरीत उतरली की बंबात विस्तव घालण्याआधी दिवा खाली धरून कोपरा पाही. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्रीतून अनेकदा उठावे लागे. अंगणातल्या सामाईक संडासापर्यंत जिना उतरून जाणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसे. म्हणून ते स्वयंपाकघरामागच्या मोरीतच जात आणि वरून तांब्याभर पाणी ओतीत. तरीही उजाडण्याच्या सुमारास निचऱ्याच्या भोकापासून भिंतीच्या भेगेपर्यंत तांबड्या मुंग्यांची बारीक रेघ लागलेली असे. आमच्या घरी मुंगी मारीत नसत. आई भेगेपाशी हळदीची चिमूट टाकी, रेघ आपोआप मागे वळेपर्यंत थांबे आणि मग पाणी सोडी. हे सारे ती इतक्या सवयीने करी की त्यात काही वावगे आहे असे आम्हां मुलांना कधी वाटलेच नाही. नानांना मधुमेह होता. आमच्याकडे कोणी तो शब्द उच्चारीत नसे. ‘नानांची साखर’ एवढेच म्हणत, जणू पंचपात्री आणि पळीसारखी तीही त्यांच्या एकट्याच्या मालकीची वस्तू होती.

नाना भिक्षुक होते. कल्याणात काळ्या तलावाच्या अलीकडे आमचे तीन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड होते, आणि त्या तिन्ही खोल्यांत सकाळ नानांच्या आवाजाने होई. ताम्हनात पळी टेकल्याचा किणकिणाट, मग संथ स्वरातला रुद्र, आणि त्याच्या मागून आईच्या स्टोव्हची पंप मारल्यावर सुरू होणारी घरघर. नाना कधी आवाज चढवीत नसत. पाठ चुकला तर थांबत, आणि त्या थांबण्यानेच मला चूक सापडे. मी शाळा संपवून त्यांच्यापाशी संहिता म्हणत होतो आणि दुपारी संस्कृत पाठशाळेत जात होतो. घरी नानांसाठी ज्वारीची भाकरी, मेथीची पळीवाढी भाजी आणि कारल्याचा रस असे. कारल्याचा रस ते तीर्थासारखा उजव्या तळव्यावर घेत आणि डोळे मिटून पीत. परंतु यजमानांच्या घरी खीर, वडे आणि लाडू यांच्यापासून सुटका नव्हती. श्राद्धाला देवांच्या किंवा पितरांच्या स्थानी बसलेल्या ब्राह्मणाने वाढलेले पान नाकारावे, हे नानांच्या कल्पनेतही बसत नसे. घरात आईने जपून जे राखले, ते पितृपक्षात पंधरा दिवसांत विस्कटे.

नानांची साखर रोज पाहण्याचे काम माझ्याकडे होते. माझा थोरला भाऊ दिनकर, ज्याला आम्ही दादा म्हणत असू, कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता. त्याने एक काचेची नळी, ती धरायचा लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा आणून दिला होता. निळे औषध केमिस्टकडे मिळे. नळीत ते औषध घालायचे, त्यात लघवीचे काही थेंब सोडायचे आणि उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि नळीच्या तळाशी विटेच्या रंगाचा गाळ बसला तर पुष्कळ. हे काम स्नानाच्या आधी उरकावे लागे, कारण स्नानानंतर मी सोवळ्यात असे. उकळताना नळी तिरपी धरून तोंड भिंतीकडे ठेवायचे, हे दादाने मला पहिल्या दिवशीच बजावले होते. नानांची नळी बहुधा पिवळ्यावर थांबे. पक्षाच्या दिवसांत ती विटकरी होई, आणि आई त्या नळीकडे शेजारणीने उसने नेऊन फोडून परत केलेल्या भांड्याकडे पाहावे तशी पाही.

हा आजार नानांना का झाला याविषयी घरात दुमत नव्हते. आईचा निर्णय होता की तो परान्नाचा आहे. दुसऱ्याच्या पितरांचे अन्न पोटात जाते, त्याबरोबर बरेच काही जाते; म्हणून तर श्राद्धान्न जेवल्यावर जप सांगितला आहे. नाना जप चुकवीत नसत, पण पोट शेवटी माणसाचेच. या निर्णयातून प्रत्येकाचे भविष्य आपोआप ठरले होते. दादाने भिक्षुकी घेतली नव्हती, म्हणून दादा सुटला. मी नानांबरोबर श्राद्धाला बसू लागलो होतो, म्हणून आईचे लक्ष माझ्या पानावर असे. आणि ताई, म्हणजे माझी बहीण कुसुम, तिचा प्रश्नच नव्हता. ती लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती. कन्यादानाने तिचे गोत्र बदलले. या घराचे पुण्य, या घरचे सोयरसुतक आणि या घरचे भोग तिच्यामागे जाणार नाहीत, असे आई अगदी समाधानाने म्हणे. आज मी हे लिहीत असताना माझा मुलगा ठाण्याहून फोनवर सांगतो, “बाबा, मी रोज जिमला जातो, मला काही होत नाही.” इकडे आली की माझ्या बोटाला सुई टोचून यंत्रावरचा आकडा वाचणारी त्याची मुलगी त्याच्याकडून फोन घेते आणि म्हणते, “आजोबा, बाबांना समजवा.” मी काय समजावणार? त्याच्या आवाजात मला आईचेच समाधान ऐकू येते.

मी पाठशाळेत जात होतो त्या वर्षी कार्तिकात ताई आमच्याकडे बाळंतपणाला आली. रिवाजाने पाहता हे दुसरे बाळंतपण सासरी व्हायचे. पण पहिले आमच्याकडे झाले होते आणि पहिले मूल आमच्याकडेच गेले होते. मुलगा होता. दिवस भरून जन्मला, अंगाने चांगला दांडगा, गोरापान, आणि रडलाच नाही. शेजारच्या बायका पुढे कित्येक दिवस म्हणत राहिल्या, “किती बाळसेदार होता हो, दृष्ट लागण्यासारखा,” आणि प्रत्येक वेळी आई उठून आत जाई. म्हणून या खेपेला तिने व्याह्यांकडे स्वतः जाऊन, पदर पसरून, ताईला मागून आणले. माझ्या बहिणीचे यजमान आंबिवलीच्या कारखान्यात पाळीवर जात, ते सुटीच्या दिवशी येत, दारातच चपला काढून बराच वेळ उभे राहत आणि “सगळं ठीक ना?” एवढेच विचारीत. ताईला सातवा महिना होता. ती हसतमुख होती, चेहरा भरला होता, आणि तिला तहान फार लागे. देवघराशेजारचा तांब्याचा हंडा ती एकटीच अर्धा करी. आई कौतुकाने म्हणे, “पी हो पी. बाळ मागतंय.” तिच्यासाठी शिरा होई, शेवयांची खीर होई, नारळाच्या वड्या होत. नानांना जे देता येत नसे ते सारे आईने ताईच्या ताटात वाढले.

अशा वेळी नाना खडवलीला गेले. तिथल्या एका यजमानांनी नदीकाठच्या आपल्या मळ्यात गायत्रीचे पुरश्चरण मांडले होते, आणि ते नानांच्या हातून व्हावे अशी त्यांची इच्छा होती. महिनाभराचे व्रत होते. एकभुक्त राहायचे, भूमीवर निजायचे, दिवसाचा जप पुरा होईपर्यंत बोलायचे नाही आणि मळ्याची शीव ओलांडायची नाही. नाना गेले त्या दिवशी आईने मोरी राखेने घासली, भेगेत सिमेंट भरून घेतले आणि म्हणाली, “महिनाभर तरी सुटका.” तिने ते हसत म्हटले होते.

नाना जाऊन आठवडा झाला असेल. संध्येला बसण्यापूर्वी नळी काढण्याचे काम नव्हते, म्हणून मी जरा उशिरा उठलो होतो. आईने हाक मारली. आवाज मुद्दाम लहान केलेला होता.

“श्री, इकडे ये. दिवा धर.”

मी दिवा धरला. सिमेंटच्या बाजूने, चौकटीच्या खालून, नवी वाट काढून मुंग्या निचऱ्यापर्यंत आल्या होत्या.

“दिसतात का तुला?”

“दिसतात.”

“नाना कुठे आहेत?”

“खडवलीला.”

तिने हळद आणली नाही. दिव्याच्या उजेडात ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “पक्षात तू किती घरी बसलास?” मी घरे सांगू लागलो. मध्येच ती म्हणाली, “जप केलास का सगळ्या वेळी?” केला होता. तरी मला नानांचे पाय आठवले. तळवे बधिर झाल्याने त्यांच्या पायात काटा मोडला तरी त्यांना कळत नसे, आणि आई रोज संध्याकाळी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या तपासी.

नळी काढली. आई माझ्या खांद्याशी उभी होती. औषध उकळले, बुडबुडे वर आले, खाली बसले. रंग निळाच राहिला, आमच्या तलावावरच्या आभाळाइतका स्वच्छ निळा. आईने देवाकडे वळून हात जोडले, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही, कारण मुंग्या तर होत्याच.

दादा दात घासत आला. आईने त्याला सांगितले तेव्हा तो हसू लागला. “आई, मी दिवसभर रंगाच्या वाफा खातो, श्राद्धाची खीर नाही. माझ्याकडे साखर यायची तर तिला नाकाला फडकं बांधून यावं लागेल.”

“दिनू, थट्टा पुरे. नळीत दे.”

“श्रीला विचार. भटजी तो आहे.”

“माझी झाली. निळी आली,” मी म्हणालो.

दादाचे हसणे थांबले. तो कामाला निघायच्या घाईत असल्याचे सांगू लागला. डबा मागू लागला. मग चिडून म्हणाला की गुळाची ढेप कुठे तरी फुटली असेल, मोरीत खरकटे पडले असेल, मुंग्यांना काय एकच कारण असते? आई त्याच्यासमोर भांडे धरून नुसती उभी राहिली. शेवटी त्याने ते हिसकून घेतले. नळी त्याने माझ्या हातून काढून स्वतः उकळली. रोज कारखान्यात शेकडो नळ्या उकळणारा माणूस, पण नळीचे तोंड भिंतीकडे करायला तो विसरला. तीही निळी आली. त्याने मान मागे टाकून श्वास सोडला आणि लगेच मला टपली मारली, “बघ, भटा.” त्यानंतर आईने, कोणी न सांगता, आपलीही पाहायला लावली. निळी. आई एकदम मोकळी झाल्यासारखी बोलू लागली. दिनू म्हणतो तेच खरे, गूळच असेल, नारळाच्या वड्यांचा पाक सांडला असेल, आज सगळे डबे उन्हात घालू. ती इतके बोलत होती की दुसरे काही ऐकावे लागू नये म्हणून बोलत आहे असे मला वाटले.

माजघराच्या दारात ताई उभी होती. तिच्या हातात पाण्याचे फुलपात्र होते. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. पाणी संपवून तिने फुलपात्र खाली ठेवले.

“श्री, नळी धुतलीस का?”

“धुतो आहे.”

“मग माझी घे.”

“तुझी कशाला?” आई तिच्या आणि माझ्या मध्ये आली. “तुझं काय आहे ह्यात? तू ह्या घरची राहिलीस का? तुझ्या हातावर पाणी सोडलं तेव्हाच गोत्र सुटलं तुझं. आणि पोटुशी बाईची लघवी कोणी विस्तवावर धरतं का? आत जीव आहे.”

“आई, रात्री मी चारदा उठते.”

“सगळ्याच उठतात. दिवसच तसे आहेत.”

“मागच्या वेळेलाही उठत होते,” ताई म्हणाली.

घरात मागच्या वेळेचा उच्चार कोणी करीत नसे. आईने तिच्याकडे पाहिले, मग माझ्या हातातली नळी घेतली, पदरात गुंडाळली आणि फळीवर सर्वांत वरच्या डब्यामागे ठेवून दिली. “नाना येतील तेव्हा बघू,” ती म्हणाली. नाना यायला तीन आठवडे होते. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही एकमेकांशी भाजीत मीठ किती एवढेच बोललो. ताई पाणी पीत होती. तिच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज मला पाठ म्हणताना ऐकू येई आणि मी अडखळे. मला थांबवायला नाना समोर नव्हते. तिसऱ्या सकाळी मी आईला सांगितले की मी खडवलीला जातो. ती नको म्हणाली नाही. तिने नानांसाठी भाजलेल्या मेथ्यांची पुरचुंडी दिली.

खडवलीला उतरून मी नदीच्या बाजूने मळ्यात गेलो. भातसेचे पाणी त्या दिवसांत खाली गेलेले असते, काठचे दगड उघडे पडलेले असतात. नाना वडाखाली दर्भासनावर बसले होते, गोमुखीत हात. त्यांनी मला पाहिले, त्यांच्या भुवया किंचित उचलल्या, आणि ओठ हलतच राहिले. जप पुरा झाल्याशिवाय ते बोलणार नव्हते, आणि मी विचारून त्यांचे मन हलवणार नव्हतो. मी समोर बसलो. सूर्य वडाच्या शेंड्यावर आला, उतरू लागला. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. आपण इथे शांत बसलो आहोत आणि घरी ती पाणी पीत आहे. एवढे जवळ बसून इतके दूर मला नानांपासून कधी वाटले नव्हते. हविष्यान्नाचा नैवेद्य झाला, त्यांनी आपोशन घेतले, दोन घास खाल्ले, आणि मग म्हणाले, “सांग.”

मी सर्व सांगितले. आईचे गोत्राचे म्हणणेही सांगितले. त्यांनी भाकरीचा तुकडा पानावर तसाच ठेवला.

“कुसुमला मूल झालं, त्याचं पुढे लग्न ठरलं, तर आपल्या घराकडून पिढ्या मोजतील की नाही?”

“मोजतील. आईकडून पाच.”

“का मोजायच्या? ती तर आपल्या गोत्रातून गेली.”

“सापिंड्य असतं म्हणून.”

“सापिंड्य म्हणजे?”

मी पाठ केलेले सांगितले. एका देहाचे अंश संततीत उतरतात, ते आईच्या द्वारा आणि बापाच्या द्वारा, आणि म्हणून ती सर्व एका देहाची म्हटली जातात.

“मग?” नाना म्हणाले. “गोत्र मी दिलं, संकल्प सोडून दिलं. देह कुठे दिला होता? तो देण्याचा संकल्पच नाही. शास्त्र तिला इतक्या पिढ्या आपली म्हणतं, आणि आपण साखरेपुरती परकी म्हणायची?” मग नदीकडे पाहत ते म्हणाले, “मला वाटत होतं हा भोग माझा आहे. मी भोगला की संपला. तो मी तिच्या हातावर ठेवला असेल असं मनात आलं नाही कधी.” त्यांनी पानाला नमस्कार केला आणि उठले. “तू थांबू नकोस. उद्या सकाळी, ती काही खायच्या आत, नळी काढ. आईला म्हणावं, विस्तवाने बाळाला काही होत नाही. न पाहण्याने मात्र होईल. आणि नळीत काहीही येवो, डॉक्टरांकडे जा.”

मी परतलो तेव्हा आई दारात होती. मी निरोप सांगितला. तिने स्टूल घेतले आणि डब्यामागून नळी काढून दिली.

सकाळी ताई पाटावर बसली होती, आई तिच्या मागे, दादा दाराच्या चौकटीला टेकून. मी नळी भिंतीकडे तोंड करून धरली. औषध निळे होते. कडेने हिरवे झाले. मग एकाएकी, नानांच्या कोणत्याही दिवशी झाले नव्हते इतक्या झपाट्याने, पिवळे, नारिंगी, आणि तळाशी विटकरी गाळ बसू लागला. मी दिवा विझवला. दादाने नळी घेऊन खिडकीपाशी धरली, जणू उजेडात रंग बदलेल, आणि खाली ठेवली.

आई नळीकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, “मागच्या खेपेला प्रसूतिगृहातल्या बाईंनी विचारलं होतं. घराण्यात कुणाला साखर आहे का म्हणून. मी तिच्या सासरची सगळी माणसं सांगितली. सासरे, दीर, आजेसासरे. कुणाला नाही म्हटलं. आपलं काही सांगितलं नाही. आपलं सांगायचं असतं असं मला वाटलंच नाही.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “आणि घरी येऊन तिला खीर घातली.”

ताईने मागे हात नेऊन तिचा पदर धरला. कोणी कोणाचे सांत्वन केले नाही. दादा म्हणाला, “मी आज कामावर जात नाही. चला.” मी पुष्कळ वर्षे ग्रंथांत वाचत आलो आहे की अज्ञानाने घडलेल्या दोषाला प्रायश्चित्त असते. परंतु त्या सकाळी त्या स्वयंपाकघरात मला कोणतेही वचन आठवले नाही, आणि आठवले असते तरी ते आईला ऐकवण्याचे धैर्य मला झाले नसते.

रक्ताची तपासणी झाली आणि तिनेही तेच सांगितले. डॉक्टर वयस्कर होते, नानांनाही तेच गोळ्या देत. त्यांनी सांगितले की गोळ्या हिला चालणार नाहीत, रोज इंजेक्शन घ्यावे लागेल, खाणे मोजून, आणि दिवस पूर्ण भरू न देता रुग्णालयातच प्रसूती करावी लागेल. मूल वाचेल का, असे दादाने विचारले. “आता कळलं आहे, तर प्रयत्न करता येईल,” एवढेच ते म्हणाले. ते इंजेक्शन कशापासून करतात, हे आईने विचारले, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता जनावराचे नाव सांगितले. याच कारणाने नानांनी स्वतःसाठी ते नाकारले होते. आईने ते उत्तर मनात धरून नाना येईपर्यंत वाट पाहिली नाही; त्याच संध्याकाळी कंपाउंडरकडून टोचून घ्यायला लावले. नाना पुरश्चरण संपवून आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे उभे राहून सांगितले. ते म्हणाले, “बरं केलंस. मला विचारायला थांबली असतीस तर मी रागावलो असतो.” त्या दिवसापासून काचेची सिरिंज उकळायचे पातेले आमच्या चुलीवर सोवळ्याच्या भांड्यांशेजारी बसू लागले, आणि शिऱ्याची कढई माळ्यावर गेली. ताई भाकरी आणि मेथी नानांच्या पंगतीला बसून खाई. बाप-लेकीची ताटे सारखी दिसत. आई रोज हात लावून पोट पाही आणि विचारी, “हललं का आज?” ताई “हललं” म्हणेपर्यंत ती श्वास घेत नसे.

आठवा सरून नववा अर्धा झाला तेव्हा डॉक्टरांनी ताईला दाखल करून घेतले. दुपारची वेळ होती. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. तिचे यजमान पाळी सोडून आले होते आणि नेहमीप्रमाणे उभेच होते. नानांचे ओठ हलत होते. आतून रडणे ऐकू आले. बारीक होते, पण रडणेच होते, आणि आईने माझ्या दंडाला इतक्या जोराने धरले की तो काळानिळा झाला. मुलगी झाली होती, हात-पाय गुबगुबीत, अंगाने मोठी. परिचारिकेने आम्हांला तिला दाखवले आणि आम्ही पाहत असतानाच तिचे हात थरथरू लागले. ओठ कापू लागले, मान सैल पडली, डोळे वर गेले. आईने एकच शब्द उच्चारला, ते पहिल्या नातवासाठी ठरवलेले नाव होते.

डॉक्टरीणबाई आतून आल्या. त्यांनी बाळाच्या टाचेला टोचले, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, आणि म्हणाल्या, “साखर उतरली आहे. ग्लुकोज पाजा, लगेच. ह्या वाटीत कालवलं आहे.” परिचारिका दुसऱ्या बाळंतिणीकडे धावत होती, तिने वाटी आणि बोंडले आईच्या पुढे केले.

आईने वाटी धरली नाही. “साखर?” ती म्हणाली. “अहो बाई, साखरेनेच तर आमचं पहिलं गेलं. हिच्या तोंडात साखर घालू?”

“पोटात असताना आईची साखर हिला मिळत होती, आजी. ती पचवायची सवय हिच्या अंगाला लागली आहे. नाळ कापली तशी ती बंद झाली, पण अंग अजून पचवतंच आहे. आता नाही मिळाली तर बाळ जाईल.”

आईने नानांकडे पाहिले. नाना जप थांबवून पुढे आले होते. पण ते काही बोलण्याच्या आत तिनेच नजर काढून घेतली. ती खाली भिंतीला टेकून बसली, बाळाला मांडीवर घेतले, डोके डाव्या कोपरावर तोलले. ज्या हाताने ती दोन महिने साखरेचा प्रत्येक दाणा दूर ठेवीत आली होती, त्याच हाताने तिने बोंडले भरून घेतले. बोंडल्याची चोच बाळाच्या ओठाला लागली आणि पहिले पाणी हनुवटीवरून ओघळले. तिने ते पदराने टिपले. दुसऱ्या वेळी तिने चोच गालाच्या आत धरली आणि थेंब थेंब सोडू लागली. बराच वेळ काही झाले नाही. मग त्या इवल्याशा गळ्यावर एक घोट हलला. मग दुसरा. हाताची थरथर मनगटापर्यंत आली, बोटांपर्यंत आली आणि थांबली. बाळाने डोळे मिटले, नीट, झोपण्यासाठी मिटतात तसे, आणि ओठ बोंडले शोधू लागले.

आईने रिकामी वाटी माझ्याकडे केली. मान वर न करता ती म्हणाली, “श्री, अजून थोडं कालव.”